वाचकांचे प्रश्न : जुनी वस्तू, अनोळखी विक्रेता

गेल्या काही आठवड्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांचा विषय जवळजवळ एकच आहे. कॉलेजांचे प्रवेश सुरू झाले की घरोघरी फोन आणि लॅपटॉपची गरज निघते, नव्या वस्तूची किंमत परवडत नाही, आणि खरेदी-विक्रीच्या ॲपवर तीच वस्तू निम्म्या किमतीत दिसते. जुनी वस्तू घेण्यात काहीच कमीपणा नाही. दुरुस्तीच्या टेबलावर इतकी वर्षे बसल्यावर मी खात्रीने सांगू शकतो की नीट वापरलेला चार वर्षांचा चांगला लॅपटॉप नव्या कोऱ्या पण हलक्या लॅपटॉपपेक्षा बरा चालतो. मात्र बहुतेक वाचकांनी वस्तू कशी तपासावी एवढेच विचारले आहे. माझ्या मते त्याच्या आधीचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, आणि तो म्हणजे ती वस्तू विकण्याचा अधिकार समोरच्या माणसाला आहे का. खालील उत्तरांत मी पुन्हा पुन्हा तिथेच आलो आहे.

प्रश्न : माझ्या मुलाने ॲपवर दीड वर्ष वापरलेला आयफोन पाहून ठेवला आहे. विक्रेता मनीषनगरचा असून प्रत्यक्ष भेटायला तयार आहे आणि किंमतही रास्त वाटते. मात्र बिल हरवले आहे, फक्त खोका आहे, असे तो म्हणतो. फोन घ्यावा का?
(एक पालक, त्रिमूर्तीनगर)

उत्तर : बिल हरवले या वाक्यावर बोलणे थांबवू नका, तेथून ते सुरू करा. दीड वर्षापूर्वी घेतलेल्या फोनचे बिल सहसा कायमचे हरवत नाही. तो ऑनलाइन घेतला असेल तर विक्रेत्याच्या खात्यातील जुन्या ऑर्डरमध्ये बिल अजूनही असते आणि ते आपल्यासमोर दोन मिनिटांत उघडता येते. दुकानातून घेतला असेल तर संगणकीय बिलाची प्रत दुकानदाराकडून मिळू शकते. जो खरा मालक आहे तो एवढी खटपट करायला सहसा तयार होतो, कारण त्यामुळे त्याच्या वस्तूला भाव येतो. टाळाटाळ होत असेल तर माझा सल्ला स्पष्ट आहे : तो फोन घेऊ नये. खोका हा मालकीचा पुरावा नव्हे, कारण रिकामे खोकेसुद्धा बाजारात विकत मिळतात.

बिल मिळाले की त्यावरील नाव आणि समोरच्या माणसाच्या ओळखपत्रावरील नाव जुळवून पाहावे. नाव वडिलांचे किंवा भावाचे असेल तर त्यांच्याशी फोनवर बोलावे, यात संकोच करण्यासारखे काही नाही. बिलावर एखाद्या वित्तसंस्थेचे नाव असेल तर फोन हप्त्यांवर घेतलेला आहे, असे समजावे आणि कर्ज फिटल्याचे पत्र मागावे. हप्ते थकले की असा फोन दुरून बंद केला जाऊ शकतो, आणि ते कुलूप फोन पूर्ण पुसून टाकल्यावरही पुन्हा बसू शकते. असा फोन माझ्या टेबलावर आला तर तो मला उघडून देता येत नाही, आणि देता आला असता तरी ते योग्य झाले नसते.

यानंतर आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक, पाहावा. फोनच्या डायलवर *#०६# असे टाकले की १५ अंकी क्रमांक दिसतो, आणि दोन सिमच्या फोनला असे दोन क्रमांक असतात. ते दोन्ही खोक्याशी, बिलाशी आणि सेटिंग्जमध्ये दिसणाऱ्या क्रमांकाशी अंक न् अंक जुळले पाहिजेत. मग आपल्या मोबाइलवरून इंग्रजी मोठ्या अक्षरांत ‘केवायएम’ ही तीन अक्षरे, एक जागा सोडून तो क्रमांक, असा एसएमएस १४४२२ वर पाठवावा. दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ पोर्टलवरही हीच तपासणी होते. उत्तरात त्या क्रमांकाच्या फोनची कंपनी आणि मॉडेल येते. हातात आयफोन आणि उत्तरात भलत्याच कंपनीचे नाव, असे झाल्यास क्रमांक बदललेला आहे हे उघड आहे. क्रमांक काळ्या यादीत आहे, दुसरीकडे वापरात आहे किंवा दुबार आहे, असे उत्तर आले तरी व्यवहार तिथेच सोडावा.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. फोन चोरीला गेल्यावर मालक आधी पोलिसांत तक्रार देतो आणि नंतर त्या तक्रारीच्या आधारे क्रमांक बंद करण्याची विनंती करतो. यात काही दिवस जाऊ शकतात. म्हणजे काल चोरलेला फोन आज तपासणीत स्वच्छ दिसू शकतो. म्हणूनच एसएमएसचे उत्तर ही आवश्यक गोष्ट असली तरी पुरेशी नाही, आणि बिलाचा आग्रह सुटता कामा नये.

वस्तूची तपासणी त्यानंतर करावी. भेट दिवसाउजेडी आणि वर्दळीच्या ठिकाणी ठेवावी. सीताबर्डीच्या मेट्रो इंटरचेंजसारख्या जागी माणसांची ये-जा असते आणि कॅमेरेही असतात. त्याहून उत्तम म्हणजे त्या कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात दोघांनी मिळून जाणे. आपले सिम आणि आपला चार्जर सोबत न्यावा, कॉल लावून बोलून पाहावे, आणि विक्रेत्याला त्याचे ॲपल खाते आपल्यासमोर, सेटिंग्जमधून, पासवर्ड टाकून काढायला सांगावे. मग फोन पूर्ण पुसून पुन्हा सुरू करावा. सुरू होताना त्याने आधीच्या मालकाचे खाते मागता कामा नये. ‘घरी जाऊन काढून देतो’ हे वाक्य ऐकून पैसे देणाऱ्या एका विद्यार्थ्याने खाणावळीसाठी ठेवलेले पैसे त्यात घातले होते. तो फोन माझ्याकडे आला तेव्हा त्याचा काचेच्या तुकड्यापलीकडे काही उपयोग उरला नव्हता. अँड्रॉइडवर हेच काम गुगल खात्याच्या बाबतीत करावे.

आयफोनच्या ‘अबाउट’ या पानावर मॉडेल क्रमांक असतो. त्याचे पहिले अक्षर इंग्रजी एम असेल तर तो नवा म्हणून विकलेला, एफ असेल तर कंपनीने नूतनीकरण केलेला आणि एन असेल तर बदली म्हणून दिलेला फोन असतो. अलीकडच्या मॉडेलांत त्याच पानावर बॅटरी, पडदा किंवा कॅमेरा बदलला आहे का आणि तो भाग अस्सल आहे का, हेही दिसते. बॅटरीकडे नागपूरकरांनी विशेष लक्ष द्यावे. लिथियम बॅटरीला उष्णता सोसत नाही. आयफोन ४५ अंशांहून जास्त तापमानात ठेवू नये असे ॲपल सांगते, आणि आपल्याकडे मे महिन्यात सावलीतला पारासुद्धा कित्येकदा तिथे पोहोचतो, मग उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या डॅशबोर्डची गोष्टच वेगळी. पडदा कडेने किंचित उचललेला दिसला तर आत बॅटरी फुगली असण्याची शक्यता आहे. असा फोन स्वस्तातही घेऊ नये.

सर्व मनासारखे असेल तर पैसे तिथेच, वस्तू हातात असताना, शक्यतो यूपीआयने द्यावेत म्हणजे कोणाला किती दिले याची नोंद राहते. सोबत साध्या कागदावर पावती लिहून घ्यावी. तिच्यात तारीख, दोघांची नावे व पत्ते, आयएमईआय क्रमांक, रक्कम, व्यवहाराचा संदर्भ क्रमांक आणि ‘हा फोन माझ्या मालकीचा असून तो चोरीचा नाही व त्यावर कर्ज बाकी नाही’ हे वाक्य असावे, आणि खाली विक्रेत्याची सही. ओळखीसाठी आधारची पूर्ण प्रत मागू नये. शेवटचे चारच अंक दाखवणारे झाकलेले आधार पुरते, आणि समोरच्यालाही ते देताना भीती वाटत नाही.

प्रश्न : चाळीस हजारांचा कॅमेरा एक गृहस्थ अठरा हजारांत देत आहेत. ते कामठीला लष्करात असून बदली झाल्यामुळे सामान काढत असल्याचे सांगतात. त्यांनी ओळखपत्र आणि कॅन्टीन कार्डाचा फोटोही पाठवला. छावणीत बाहेरच्यांना प्रवेश नसल्याने कॅमेरा लष्कराच्या वाहनाने घरपोच येईल, फक्त गेट पासचे २,१०० रुपये आधी भरा, ते परत मिळतील, असे म्हणतात. विश्वास ठेवावा का?
(एक हौशी छायाचित्रकार, सदर)

उत्तर : कृपया एक रुपयाही पाठवू नका. पाठवला असेल तर हे उत्तर वाचून संपवण्याआधी १९३० या क्रमांकावर फोन करा.

ही फसवणूक देशभर चालते, पण नागपुरात ती अधिक पटते, कारण कामठीची छावणी आपल्या शेजारी आहे, वायुसेनानगरात हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय आहे, बदल्या खरोखरच होतात आणि गणवेशाबद्दल आपल्या मनात आदर असतो. चोर नेमका त्या आदराचा वापर करतो, आणि मला या प्रकारातली हीच गोष्ट सर्वांत जास्त खटकते. पाठवलेले ओळखपत्र बहुधा दुसऱ्याच कोणा जवानाचे असते, जे कधीतरी अशाच एखाद्या व्यवहारात त्याच्याकडून मिळवलेले असते. लष्कर कोणाच्या खाजगी विक्रीचे सामान घरपोच करत नाही. जवान खरा असेल तर तो सुटीच्या वेळी छावणीबाहेर येऊन कॅमेरा आपल्या हातात देऊ शकतो. २,१०० रुपये भरले की विमा, मग कर, मग ‘तुमची रक्कम अडकली आहे, ती सोडवण्यासाठी आणखी तेवढीच भरा’ अशी मागणी वाढत जाते, आणि आधीचे पैसे वाचवण्यासाठी माणूस पुढचे देत राहतो.

१९३० ही केंद्रीय गृह मंत्रालयाची सायबर आर्थिक फसवणुकीची मदतवाहिनी आहे. तक्रार जितक्या लवकर होईल तितकी रक्कम चोराच्या खात्यातून पुढे जाण्याआधी गोठवली जाण्याची शक्यता जास्त असते. फोन करताना यूपीआयचा १२ अंकी संदर्भ क्रमांक, वेळ आणि बँकेचे नाव जवळ ठेवावे. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही नोंदवता येते, आणि शहरात सायबर पोलीस ठाणे आहेच. बँक भरपाई देईल यावर मात्र विसंबू नये. आपण स्वतः पिन टाकून केलेला व्यवहार बँकेच्या दृष्टीने आपल्या संमतीचा असतो, त्यामुळे अनधिकृत व्यवहारांसाठी रिझर्व्ह बँकेने दिलेले संरक्षण त्याला सहसा लागू पडत नाही.

प्रश्न : मी जुना टीव्ही विकायला ठेवला होता. घेणाऱ्याने पैसे पाठवतो म्हणून क्यूआर कोड पाठवला आणि तो स्कॅन करून पिन टाकायला सांगितले. मी केले नाही. बरोबर केले का?
(एक गृहिणी, महाल)

उत्तर : अगदी बरोबर केले. यूपीआयमध्ये पैसे घेण्यासाठी पिन कधीही लागत नाही, तो फक्त देण्यासाठी लागतो. कोणी ‘मदत करतो’ म्हणून मोबाइलचा पडदा दुरून पाहता येईल असे ॲप टाकायला सांगितले तर तेही करू नये.

प्रश्न : मुलीला अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला आहे. ॲपवर एकाने ‘कंपनीतून निघालेला, आय-सेव्हन, १६ जीबी रॅम’ असा लॅपटॉप १५ हजारांत ठेवला आहे. आय-सेव्हन म्हणजे सर्वांत चांगला ना? काय पाहावे?
(एक शिक्षक, हुडकेश्वर)

उत्तर : आय-सेव्हन हा शब्द अर्धीच माहिती देतो. तो इंटेल कंपनीच्या प्रोसेसरचा दर्जा सांगतो, वय सांगत नाही. वय त्यापुढच्या क्रमांकात असते. आय-सेव्हन ४६०० यू हा चौथ्या पिढीचा, आय-फाइव्ह ८२५० यू हा आठव्या पिढीचा आणि आय-फाइव्ह ११३५ जी ७ हा अकराव्या पिढीचा. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० साठी नियमित सुरक्षा-अपडेट देणे थांबवले आहे, आणि विंडोज ११ इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासून पुढच्याच प्रोसेसरवर अधिकृतपणे चालते. कंपन्यांतून निघालेले सहाव्या-सातव्या पिढीचे लॅपटॉप त्यामुळे एकदम स्वस्त झाले आहेत, आणि त्यांचा भाव पाहून लोकांना फार मोठा फायदा झाल्यासारखे वाटते. चार वर्षांच्या शिक्षणासाठी घ्यायचा लॅपटॉप आठव्या पिढीच्या खालचा घेऊ नये. चौथ्या पिढीच्या आय-सेव्हनपेक्षा अकराव्या पिढीचा आय-थ्रीसुद्धा मला अधिक पसंत आहे.

‘कंपनीतून निघालेला’ हे शब्द दोन अर्थांनी घ्यावेत. कंपन्या तीन-चार वर्षांनी लॅपटॉप घाऊक विकतात आणि त्यातले पुष्कळसे यंत्र म्हणून उत्तम असतात. पण काही लॅपटॉप राजीनामा दिल्यावर परत न केलेले किंवा कार्यालयातून नाहीसे झालेलेही असतात. म्हणून विक्रेत्याने ते ज्या व्यापाऱ्याकडून घेतले त्याचे बिल मागावे, आणि खालच्या बाजूचा सिरियल क्रमांक लेनोवो, एचपी किंवा डेल, ज्याचा असेल त्या कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून वॉरंटी केव्हा संपली ते पाहावे. त्यातून खरे वय कळते, आणि ‘दोनच वर्षे वापरला’ हे विधान खरे की खोटे तेही. मग इंटरनेट जोडून, आपल्यासमोर, लॅपटॉप पूर्ण पुसून पहिल्या पडद्यापर्यंत आणावा. तेथे एखाद्या संस्थेचे नाव दिसून तिच्या ईमेलने प्रवेश मागितला, किंवा सुरू करतानाच बायोसचा, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ प्रणालीचा, पासवर्ड मागितला, तर लॅपटॉप अजून त्या संस्थेच्या ताब्यातून सुटलेला नाही. इंटरनेट न जोडता ही तपासणी केली तर तो दोष लपून राहतो, आणि हुशार विक्रेता नेमके ‘इथे वायफाय नाही’ असे सांगतो. आपल्या मोबाइलचा हॉटस्पॉट तयार ठेवावा.

बॅटरीसाठी, पुसण्याआधीच, कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करण्याची विंडोजमधली खिडकी) उघडून इंग्रजीत ‘पॉवरसीएफजी’, एक जागा, तिरकी रेघ (/) आणि ‘बॅटरीरिपोर्ट’ हा जोडशब्द लिहून एंटर दाबावे. तयार होणाऱ्या अहवालात मूळ क्षमता आणि आजची पूर्ण क्षमता शेजारी शेजारी दिसते. मूळ ५०,००० आणि आजची ३०,००० असेल तर बॅटरी ६० टक्के उरली आहे. असा लॅपटॉप टाकाऊ नसतो, पण नव्या बॅटरीचा भाव आधी सेवा केंद्रात विचारून तेवढी रक्कम किमतीतून कमी करून घ्यावी. बिजागरी, कळफलकाचे प्रत्येक बटण, सर्व पोर्ट आणि पांढऱ्या पानावर पडदा, एवढे पाहायला दहा मिनिटे लागतात. विक्रेता घाई करत असेल तर ती दहा मिनिटे अधिकच आवश्यक ठरतात.

प्रश्न : व्यक्तीकडून घेण्यापेक्षा नूतनीकरण केलेला फोन एखाद्या कंपनीच्या संकेतस्थळावरून घेणे सुरक्षित आहे का? थोडा महाग पडतो.
(एक विद्यार्थिनी, रामदासपेठ)

उत्तर : होय, आणि तो जास्तीचा पैसा मला वाया गेल्यासारखा वाटत नाही. बिल आणि लेखी वॉरंटीसह, व्यवसाय म्हणून विकणाऱ्यावर २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा लागू होतो. दोष निघाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीवर, आणि तेथे न मिटल्यास दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. आपला स्वतःचा जुना फोन एकदाच विकणाऱ्या व्यक्तीविरुद्ध मात्र हा मार्ग बहुधा बंद असतो, आणि ज्या ॲपवर जाहिरात होती ते ‘आम्ही फक्त मध्यस्थ’ असे म्हणते. पार्सल उघडताना सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग व्हिडिओ काढावा, त्यात पत्त्याची चिठ्ठी आणि आयएमईआय दिसावा.

प्रश्न : वर्षभरापूर्वी ॲपवर पाहून, चहाच्या टपरीवर भेटून मी एक फोन घेतला. बिल घेतले नाही. आता दुसऱ्या जिल्ह्यातील पोलीस ठाण्यातून बोलतो असे सांगून एकाने फोन केला की माझ्याकडचा फोन चोरीचा आहे, तो कुरिअरने पाठवा, नाहीतर गुन्हा दाखल होईल. मी घाबरलो आहे. फोन नाल्यात टाकून द्यावा असेही वाटते.
(एक कामगार, हिंगणा)

उत्तर : फोन टाकू नका, विकू नका आणि पुसूही नका. पुरावा नष्ट केल्याने साधी अडचण गंभीर होईल. आपण चोरी केलेली नाही, हे मनात ठेवून एकेक पाऊल उचला.

आधी फोन करणारा खरोखर पोलीस आहे का ते पाहा. असा फोन खरा असू शकतो, कारण काळ्या यादीतल्या फोनमध्ये कोणी सिम घातले की दूरसंचार विभागाची यंत्रणा ते टिपते आणि माहिती संबंधित पोलिसांकडे जाते. पण पोलीस असल्याची बतावणी करून पैसे उकळणारेही पुष्कळ आहेत. म्हणून आलेल्या क्रमांकावर उलट फोन न करता आपण आपल्या भागातील पोलीस ठाण्यात जा, सर्व हकिकत सांगा आणि तेथून खात्री करून घ्या. ‘मिटवून टाकू’ म्हणून कोणी यूपीआयवर पैसे मागितले तर तो पोलीस नाही, असे समजून वागा. चौकशी खरी असेल तर फोन हजर करण्याची लेखी नोटीस मागा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ मध्ये अशी नोटीस देण्याची तरतूद आहे. फोन कुरिअरने पाठवू नये. तो पोलीस ठाण्यात प्रत्यक्ष द्यावा आणि आयएमईआय क्रमांक लिहिलेली पोच किंवा पंचनाम्याची प्रत घ्यावी.

आता कायद्याविषयी. भारतीय न्याय संहितेचे कलम ३१७ चोरीची वस्तू अप्रामाणिकपणे घेणाऱ्याला किंवा ठेवून घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेस पात्र ठरवते, पण वस्तू चोरीची आहे हे त्याला माहीत असले पाहिजे किंवा तसे मानायला कारण असले पाहिजे. वर्षभरापूर्वी आपल्याला माहीत नव्हते हे दाखवणे हाच आपला बचाव आहे. त्यासाठी विक्रेत्याशी झालेले संदेश, जाहिरातीचे चित्र, यूपीआयची नोंद, त्याचा मोबाइल क्रमांक असे जे काही असेल ते आजच जपून ठेवा. रास्त किंमत दिल्याची नोंद आपल्या बाजूने बोलते, कवडीमोल भावात घेतला असेल तर ती विरुद्ध जाते. ‘ठेवून घेणे’ हा शब्दही लक्षात घ्या. खात्री पटल्यानंतरही फोन स्वतःकडे ठेवला तर आजवरचा आपला प्रामाणिकपणा सिद्ध करणे अवघड होईल.

फोन परत मिळेल का, असे आपण पत्राच्या शेवटी विचारले आहे. नाही मिळणार. १९३० च्या माल विक्री कायद्याच्या कलम २७ चा मूळ नियम असा आहे की विकणाऱ्याकडे जी मालकी नाही ती घेणाऱ्यालाही मिळत नाही, मग घेणारा कितीही सरळ असो. फोन ज्याचा चोरीला गेला त्यालाच तो, सहसा न्यायालयाच्या आदेशाने सुपूर्दनाम्यावर (मागितल्यास वस्तू पुन्हा हजर करण्याच्या लेखी हमीवर), मिळेल. त्यानेही तो कष्टाच्या पैशांतूनच घेतलेला असेल. आपले पैसे मात्र आपण विक्रेत्याकडून मागू शकता, कारण विकण्याचा अधिकार विक्रेत्याला आहे ही अट त्याच कायद्याच्या कलम १४ नुसार प्रत्येक विक्रीत गृहीत असते. जबाबात विक्रेत्याचे नाव, क्रमांक, भेटीची जागा आणि दिलेली रक्कम नीट नोंदवून घ्या. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. उत्पन्नाच्या मर्यादेत असणाऱ्यांना तेथे मोफत वकील मिळतो, आणि जबाब देण्याआधी तेथे एकदा बोलून घेतले तर आपली भीतीही बरीच कमी होईल.